रंगीत माय

तुमच्या देवघरात नेमकं कोण बसलंय, हे तुम्ही कधी डोळे उघडून पाहिलंय का?

हात जोडले की आपण डोळे मिटतो, घोटाळा तिथेच होतो. आमच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं अशीच डोळे मिटून पूजा चालली होती. मग एका उन्हाळ्यात मी ते डोळे उघडायला गेले. तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि जगातल्या सगळ्यांचे डोळे उघडण्याची जबाबदारी माझ्यावर आहे अशी माझी खात्री होती.

या खात्रीला कारण होतं. माझे बाबा एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. आम्ही नागपुरात इतवारीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो, आणि छापखान्यात वाया गेलेला कागद आमच्या घरी यायचा. त्या काळी सर्वांत जास्त वाया जायची ती पत्रकं. पाटीच्या आधी माझ्या हातात ‘कामगार बंधूंनो!’ आलं. एका बाजूला गिरणीचा संप, मागच्या कोऱ्या बाजूला माझी बाराखडी. घरातल्या डब्यांखाली पत्रकं, पुस्तकांना कव्हरं पत्रकांची, पोळ्या गुंडाळायला पत्रकं. आणि पत्रकाचा स्वभाव असा की ते नुसतं सांगत नाही, हुकूम सोडतं. उठा, जागे व्हा, धिक्कार करा. मी उठायचे. सहा वर्षांची असताना ‘दारूचा धिक्कार करा’ वाचून मी शेजारच्या काकांच्या दारात उभी राहिले आणि मोठ्याने धिक्कार केला. काकांनी दारूला कधी हात लावला नव्हता. त्यांना कावीळ झाली होती.

अठराव्या वर्षापर्यंत माझी मतं पक्की झाली होती. हुंडा नको, मूर्तिपूजा नको, राजे नकोत. राजे तर मुळीच नकोत, कारण संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा वाद तेव्हा जोरात होता आणि छापखान्यात दोन्ही बाजूंची पत्रकं येत होती. बाबा दोन्ही सारख्याच काळजीने जुळवायचे. मला ते पटायचं नाही.

“तुम्हाला काही तत्त्व आहे की नाही, बाबा?”

“आहे न. काना-मात्रा सगळ्यांचा बरोबर लागला पाहिजे.”

घर चालवायची आत्या. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जायची, म्हणून ही गोष्ट घडली तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. आत्या बाबांहून तीन वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांतच ती परत आली होती. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “सासूच्या हातची भाजी अळणी राहे.” यापलीकडे कोणाला काही कळलं नाही.

देवघरही आत्याचंच होतं. त्यात पाच चांदीचे टाक होते. टाक म्हणजे बोटभर लांबीचा पत्रा, त्यावर देवाची किंवा घरातून गेलेल्या माणसाची ठोकून उठवलेली आकृती. आमच्या पाचांत दोन देव होते आणि तीन पूर्वज. पण देवघरात खरा मान होता तो सहावीला. ती चांदीची नव्हती. अंड्याच्या आकाराची, दोन बोटं उंच, पितळी चौकटीतली. तिला आत्या ‘रंगीत माय’ म्हणायची.

ती आत्याची आई होती. म्हणजे माझी आजी. बाबांच्या जन्मानंतर महिन्याभरातच ती गेली, तेव्हा आत्या तीन वर्षांची होती. आजीचा फोटो काढलेलाच नव्हता. सिव्हिल लाईन्समधल्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करणाऱ्याच्या बायकोचा फोटो कोण काढणार? पण आजोबांनी ही रंगीत तसबीर देवघरात ठेवली, पोरीला सांगितलं, “हे तुही माय,” आणि वर ताकीद दिली, “इले पाणी लावू नको. रंग जाईन.” आत्याने ती ताकीद पाळली. बाकीच्या टाकांना रोज आंघोळ, रंगीत मायला कधीच नाही. तिला फक्त हळदकुंकू, आणि सणाला तेलाचं बोट. इतक्या वर्षांच्या थरांमुळे चौकटीत लालसर काळा गोळा तेवढा उरला होता. चेहरा असा कोणाला दिसतच नव्हता.

आत्याला मात्र दिसायचा. सकाळी पूजा करताना ती त्या गोळ्याशी सविस्तर बोलायची. “माय, कालचं वरण पातळ झालं व्वा. भाऊ काही बोलला नाही, पण समजते न आपल्याले.” मी कॉलेजात पहिली आले तेव्हाही ते आधी रंगीत मायला कळलं, मग बाबांना.

आणि आत्याला तिचा मोठा अभिमान होता. “माही माय गोरीपान होती. गालावर तेज पाहाचं तं असं!” हे सांगताना ती माझ्याकडे बघायची. मी काळी, पाच फूट आठ इंच उंच, आमच्या गल्लीत दारातून वाकून शिरणारी. “हे पोट्टी कोनावर गेली काय मालूम. आजीवर गेली असती तं जरा उजळ झाली असती.” रंगावर माणसाची किंमत करणं किती चूक आहे यावर मी तिला तीन पत्रकं वाचून दाखवली होती. तिने त्यांवर पापड वाळवले.

तर, अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया जवळ आली होती. अखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात, आमरसाचा आणि वड्यांचा नैवेद्य दाखवतात. त्याआधी टाक सोनाराकडून उजळून आणायचे असतात. त्या वर्षी आत्या घागरी आणायला कुंभाराकडे निघाली आणि टाकांचं काम माझ्याकडे आलं.

“मूर्तिपूजेला माझा विरोध आहे,” मी म्हटलं.

“राहू दे न विरोध. पिशवीत घेऊन जा तं.” मग तिने रुमालात गुंडाळलेली रंगीत माय वेगळी माझ्या हातात दिली. “इची नुसती चौकट पुसून आन. काळी पडली. पानी लावू देऊ नको हं त्याले.”

सराफ्यातला आमचा सोनार म्हातारा होता, जाड चष्म्याचा, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला टाळाटाळ करण्यात वाकबगार. पण त्या दिवशी दुपारी बाहेर असं ऊन होतं की दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने पाच टाक शेगडीशेजारी ठेवले, सहावी हातात घेतली आणि नखाने कुंकवाची कड जराशी उचकटली.

“हे चांदी नोहे, ताई. हा मीना आहे.”

“म्हणजे?”

“तांब्यावर काच. काचेची पूड रंगवून आगीत भाजते, मंग असा पक्का रंग बसते. हे आगीतून निघालेलं आहे. पान्यानं इचं काय होते?”

हे ऐकून माझ्यातलं पत्रक जागं झालं. म्हणजे पाणी लावू नको ही निव्वळ अंधश्रद्धा! आत्याने पन्नास वर्षं उगीच पाळलेली! “मग धुवा,” मी म्हटलं.

खरं सांगायचं तर अंधश्रद्धा हे अर्धंच कारण होतं. मलाही आजी बघायची होती.

त्याने ती रिठ्याच्या पाण्यात भिजत ठेवली आणि मग मऊ ब्रशने घासू लागला. पाणी लाल झालं, मग तपकिरी, मग गुलाबी. आधी निळा पट्टा दिसला, खांद्यावरून तिरपा गेलेला. मग पांढरी जाळी, डोक्यावरून पदरासारखी घेतलेली. मी दुकानाच्या कट्ट्यावर ओणवी होऊन बघत होते. फुगलेले गाल, गोरे, आत्या सांगायची तस्से. ओठ खाली वळलेले, जणू कोणी नुकतीच अळणी भाजी वाढली आहे. आणि जाळीच्या वर एक इवलासा हिऱ्यांचा मुकुट.

रंग इतके ताजे होते की काल भाजून काढल्यासारखे. त्यामुळे ओळख पटायला क्षणही लागला नाही. हे चित्र आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात होतं, पानभर. मूळ तैलचित्र केवढं तरी मोठं, त्याच्या नकला सगळ्या साम्राज्यात पाठवलेल्या. सोनाराने भिंग दिलं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत राणीचं नाव होतं, आणि खाली ‘मूळ चित्रावरून’ असंही लिहिलेलं.

सोनाराने चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं पोट हलायला लागलं. “तुमच्या घरी इंग्रजाचं राज अजून चालूच आहे म्हना की!”

मी सायकल कशी मारली ते मला आठवत नाही. भाजणारी लू वाहत होती, तोंडाला ओढणी बांधायचीही आठवण राहिली नाही. डोक्यात मथळे जुळत होते. ‘देवघरातील साम्राज्यशाही!’ ‘पन्नास वर्षांची फसवणूक उघड!’ अठरा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मला स्वतःचं असं पत्रक सापडलं होतं.

आत्या नव्या घागरी पाण्याने भरून ठेवत होती. मी दारात वाकायलाही विसरले, कपाळ चौकटीवर आपटलं, तरी थांबले नाही.

“आत्या, ही तुझी माय नाहीच आहे. ही इंग्लंडची राणी आहे! आपल्यावर राज्य करणारी! आपण रोज हिला कुंकू लावत होतो!”

आत्याने हात पुसले. “पानी लावलं?”

“अगं, पाण्याचं काय घेऊन बसलीस? बघ तरी!”

तिने ती हातात घेतली आणि खिडकीपाशी नेली. उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मी मागे उभी राहून मुद्दे सांगत होते, एक, दोन, तीन. चौथ्या मुद्द्याला ती वळली.

“मंग माही माय कोठी आहे?”



आत्या भांडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडण म्हणजे रोजचंच होतं, लोणच्यासारखं तोंडी लावायला. पण ती बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजाही झाली नाही. देवघरावर तिने टॉवेल टाकून ठेवला. पोळ्या लाटल्या, घर झाडलं, आणि मला पहिल्यांदाच कळलं की आमच्या घरातला रोजचा आवाज म्हणजे आत्याचं तिच्या मायशी बोलणं होतं.

दुपारी बाबांचा डबा घेऊन मी छापखान्यात गेले. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि समोरचं प्रूफ माझ्यापुढे सरकवलं. कुठल्याशा सभेचं पत्रक होतं. त्यात एका शब्दावर त्यांनी रेघ मारली होती.

“हे काय आहे?”

“चूक खोडली आहे.”

“आणि हे?” त्यांनी समासाकडे बोट दाखवलं. तिथे बरोबर शब्द लिहिला होता. “नुसतं खोडून प्रूफ परत पाठवलं तर खिळे जुळवणारा काय करेल? तिथे भोक राहील. खोडणाऱ्याला समासात लिहावं लागतं, पोरी. तू खोडलंस. बरोबरच खोडलंस. आता समासात काय लिहितेस?”

“मला काय माहीत आजी कशी होती?”

“मलाही माहीत नाही,” बाबा म्हणाले. मग त्यांनी डबा उघडला आणि भाजी न चाखताच त्यावर मीठ घातलं. “समासात येईल ते माझ्याही कामाचं आहे. मी महिन्याचा होतो.”

घरी येऊन मी आत्यासमोर बसले. माफी मागायची असं ठरवून आले होते, पण माफीची सवय नव्हती. पत्रकात माफी नसते. म्हणून मी म्हटलं, “आजोबा तर कधीच गेले. आजीला पाहिलेलं कोणी जिवंत आहे का?”

आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. “बंगल्यावर एक झाडूवाली होती. मायची मैत्रीन. नातू खापरखेड्याले पॉवर हाऊसमंधी आहे तिचा. जिवंत आहे का नाही, देव जाने.”

“आपण जाऊ.”

“तुले काहून जाचं आहे? तुहा तं विरोध आहे न?”

“मला समासात लिहायचंय,” मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही. पण सकाळी ती माझ्या आधी तयार होऊन बसली होती, आणि पिशवीत रुमालात गुंडाळलेली राणी होती.

खापरखेड्याच्या कॉलनीत त्या दिवसांत झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर असायचा. क्वार्टर विचारत विचारत आम्ही पोचलो. म्हातारी जिवंत होती. नुसती जिवंत नव्हती, बाजेवर बसून नातसुनेला रागावत होती.

“कोन होय वं?”

“मी माळ्याची पोट्टी, मावशी. बंगल्यावरच्या.”

“माळ्याची? अशी उजेडात ये.” तिने आत्याची हनुवटी धरली, मग चेहरा इकडून तिकडून फिरवून पाहिला, भाजीवालीकडचा भोपळा बघावा तसा. “हो. दात तेच.”

आत्याच्या पुढच्या दोन दातांत अंतर आहे आणि ते जरासे बाहेर आहेत. त्यामुळे ती हसली की तोंडावर पदर धरते.

आत्याने रुमाल उलगडला. म्हातारीने राणीला डोळ्याजवळ नेलं आणि लगेच परत केलं. “हे तं साहेबाची रानी व्हय. बंगल्यात जिन्यापाशी इची ह्या एवढी तसबीर होती. मी रोज पुसो. तुह्या बापाले हे वाफ्यात सापडली, शेवंतीच्या. मडमेची असन पडलेली.”

“म्हणजे आजोबांना माहीत होतं?” मी विचारलं.

“माहीत नसाले काय झालं? रोज त्या जिन्यापाशी फुलं ठेवे तो.” मग ती आत्याकडे वळली. “तुही माय गेली आन् तू रडू रडू जीव खाल्ला साऱ्याहीचा. माय कोठी आहे, माय कोठी आहे. जेवे नाही, झोपे नाही. टाक कराले त्याच्यापाशी चांदी कोठची? हे हातात होती. म्हने, हे पाह्य तुही माय. अन् तू गप झाली व्वा. मंग त्यानं परत सांगतलंच नाही. पानी लावू नको म्हनला असन, नाही? आम्हीच सांगतलं होतं त्याले, पोट्टी मोठी होईन, तं चेहरा पाहीन, कुंकवाखाली झाकला राहू दे.”

आत्याच्या मांडीवर राणी होती आणि तिचा अंगठा राणीच्या कपाळावरून फिरत होता, जिथे रोज कुंकू लावायची तिथे.

“मंग माय कशी होती?” तिने विचारलं.

म्हातारी खुलली. “उंच! बापरे, उंच. नौवारी नेसे तं घोट्याच्या वर राहे. काळी, तव्यासारखी काळी अन् तशीच चकचकीत. अन् भांडखोर किती सांगू! साहेबाच्या खानसाम्याले एक डाव लाल भोपळा फेकून मारला तिनं.”

“काहून?”

“तुह्या बापाले ‘ए’ म्हनून हाक मारली म्हनून. ‘माळीबुवा म्हन,’ म्हने. चार दिवस खानसामा लंगडे.” म्हातारी हसून हसून खोकायला लागली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दाराला टेकून उभी होते, डोकं वाकवून, कारण क्वार्टरचं दारही बुटकंच होतं. “हे कोन?”

“भावाची पोरगी.”

“हे उभी आहे न, तशी उभी राहे ते. सेम टू सेम.”

परतीच्या बसमध्ये आत्याने तिकिटं पदराच्या टोकाला बांधली. मग एकदम म्हणाली, “जराशी उभी राह्य वं.”

“आत्या, बस चालू आहे.”

“राह्य तं.”

मी दांडा धरून उभी राहिले. कंडक्टरने विचारलं, उतरायचं आहे का? आत्या म्हणाली, “नाही गा, मी पाहून राहिली.” माझ्याकडे बघत असताना तिचा पदर तोंडाकडे गेला. कन्हान नदी मागे पडेपर्यंत ती पदराआड हसत होती, आणि मधूनच त्याच पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सोनाराकडे गेलो. बाबांनी छापखान्यातून तासाची सुट्टी घेतली होती. आत्याने आपली जुनी चांदीची जोडवी कट्ट्यावर ठेवली आणि सांगितलं, मायचा टाक करायचा आहे. उंच, काळी, दात पुढे.

सोनाराने हात जोडले. “बाई, टाक ठशावर ठोकत असते. ठसा एकच राहते. तुमच्या तीन पूर्वजांचे टाक पाह्या, तिघंही एकच. डोळ्याचे दोन ठिपके, नाकाची रेघ. साऱ्या नागपुरातल्या आज्या एकाच ठशाच्या आहेत.”

“मंग तुमचा ठसा माह्या मायसारखा नोहे.”

“टाकावर दात दाखवत नाही, बाई! देवीचेही दाखवत नाही!”

“देवीनं कोनाले भोपळा फेकून मारला काय?”

सोनाराने मदतीसाठी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “हाताने खोदता येणार नाही का? आम्हीही अक्षर कमी पडलं की हाताने कोरतो.” हे कारागिराला लागलं. त्याने ठसा बाजूला ठेवला, पत्रा कापला, आणि विचारलं, समोर नमुना काय?

आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

आता सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मूर्तिपूजेच्या विरोधात ज्या मुलीने कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून पत्रकं वाटली होती, ती सराफ्यात भर दुपारी डोक्यावर आत्याचा पदर घेऊन टाकाचा नमुना म्हणून दीड तास उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं की सोनार ओरडायचा, “हलू नका, ताई!” मधल्या वेळात शेजारच्या तीन दुकानांतली माणसं बघून गेली. एकाने तर नमस्कारही केला. दातांसाठी आत्याला पुढे यावं लागलं. तिला हसायचं होतं, पण हसली की पदर वर जायचा, म्हणून बाबांनी तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि छापखान्यातले चुकलेले मथळे एकेक सांगायला सुरुवात केली. “जाहीर सभा” ऐवजी कुठे “जहर सभा” छापलं गेलं होतं. आत्या हसली, सोनाराने चटकन छिन्नी मारली.

टाक तयार झाला तेव्हा आम्ही तिघांनी तो तळहातावर घेऊन पाहिला. खरं सांगायचं तर तो थोडा सशासारखा दिसत होता. उंची मात्र आली होती. डोकं पत्र्याच्या वरच्या कडेला टेकलं होतं, दारात उभी असल्यासारखं.

“वाकून उभी आहे,” बाबा हळूच म्हणाले. आपली आई कशी दिसते याविषयी त्यांच्या तोंडून मी ऐकलेले ते पहिले शब्द.

अखाजीला देवघरावरचा टॉवेल निघाला. आत्याने नव्या टाकाला आंघोळ घातली, भरपूर पाण्याने. मग म्हणाली, “माय, लई दिवस झाले. बस, सांगतो तुले सारं.” आणि खरंच पहिल्यापासून सुरुवात केली, सासूच्या अळणी भाजीपासून. आमरस गरम व्हायला लागला तरी थांबली नाही. मी आणि बाबा ओसरीवर बसून ऐकत होतो. त्या दिवशी मला कळलं की ती सासरहून का परत आली. ते मी इथे लिहिणार नाही. तिने ते तिच्या आईला सांगितलं होतं. भाजी अळणी नव्हती एवढंच सांगते.

प्रश्न उरला राणीचा. गावातल्या ‘शुक्रवारी’ नावाच्या तलावात टाकून द्या, असं माझं मत होतं, आणि त्याला माझ्याकडे मुद्देही होते.

“पाहुनी आहे ते,” आत्या म्हणाली. “पन्नास वर्षं माहं सारं आयकून घेतलं बिचारीनं, एका शब्दानं उलटून बोलली नाही. पाहुन्याले तलावात टाकते काय कोनी? तुहे कागदं उडते न पंख्यानं? ठेव त्याच्यावर.”

तेव्हापासून राणी माझ्या टेबलावर आहे. पितळी चौकटीचं वजन बरं आहे, चार-पाच कागद धरून ठेवतं. तिच्याखाली संपाची, भाववाढीची, हुंडाविरोधी अशी किती पत्रकं राहून गेली. तिने ओठ खाली वळवून सगळ्यांवर बसून दिवस काढले. रंग अजून तितकाच ताजा आहे. हा लेखही तिच्याखालीच आहे. अखाजीला आत्या तिच्यासमोर वाटीभर आमरस ठेवते, आणि मी विरोध नोंदवून तो पिऊन टाकते.

आणि आमच्या देवघरात कोण बसलंय? माझी उंची आणि आत्याचे दात. म्हणून आता रोज सकाळी तिथे कोणी हात जोडले की मला जरा संकोच वाटतो.

वाचणाऱ्यांनो, हे माझं आजवरचं सर्वांत छोटं पत्रक समजा. तुमच्या घरात जे सर्वांत वयाने मोठं माणूस असेल, त्याच्याजवळ आज संध्याकाळी जाऊन बसा. त्याला विचारा, तुमची आई दिसायला कशी होती? उंच की बुटकी, काळी की गोरी, दात कसे, हसायची कशी, कोणाला काय फेकून मारलं होतं? विचारा, आणि ते सांगतील तसं लिहून घ्या. चांगली वही शोधत बसू नका. कुठल्याही पत्रकाची मागची बाजू कोरी असते.